ब्रेकमधलं खोबरेल

मी मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये खोबरेल तेल घातलं. घरच्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं, शुद्ध. हे वाक्य मी आजवर लग्नांत, बारशांत आणि एकदा तर कुणाच्या दहाव्याला इतरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की आता स्वतःच्या हाताने लिहून टाकल्यावर जरा मोकळं वाटतं. खोबरेल चांगलं होतं. ब्रेकही मुळात चांगला होता. त्या दोघांची सोयरीक जुळवणारा तेवढा नालायक होता.

आमचं घर पालघरजवळच्या शिरगावला, वाडीत. मागे नारळ आणि चिकू, पुढे सोनचाफा आणि मोगऱ्याचे वाफे, आणि दिवसभर दोन आवाज: पाण्याच्या पंपाचा आणि आईचा. घरात पैपाहुणा कमी-जास्त होई, पण खोबरेल तेल कधी संपत नसे. कान ठणकला, तेल. टाच फुटली, तेल. दाराची बिजागरी कुरकुरली, तेल. शिवणयंत्र अडलं, तेल. एकदा रेडिओ खरखरायला लागला तेव्हा बाबांनी त्याच्या बटणाच्या फटीतही थेंब सोडला होता आणि योगायोगाने रेडिओ बोलू लागला. त्या एका योगायोगाने आमच्या घराण्याचं फार नुकसान केलं. तेलाने नीट होणार नाही अशी वस्तू जगात नाही, अशी त्यानंतर आमची सगळ्यांची खात्रीच होऊन बसली.

थंडीत मात्र ते गोठायचं. पहाटे फळीवरची बाटली बघावी तर आत पांढरंफटक, चरबी भरल्यासारखं. आई ती चुलीच्या कडेला ठेवायची, मग ते हळूहळू पुन्हा पातळ व्हायचं. शिरगावातल्या रांगत्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या सकाळी डोक्याला लावण्यासाठी मीच ती बाटली उन्हात नेऊन ठेवली होती. हे मुद्दाम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझी बाजू घ्यावीशी वाटली तर ती इच्छा इथेच मरेल.

गाडी दिनूकाकाची. काका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. त्याने ती कुणाकडून तरी जुनी घेतली, वापरून आणखी जुनी केली आणि गुडघे दुखायला लागल्यावर आमच्या अंगणात आणून टेकवली. तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. तेव्हा आमच्या आळीत तेवढ्यावर माणसं थांबून बघत. हॅण्डलवर एक छोटी डबी, तिच्यात ब्रेकचं ऑइल. लिव्हर दाबला की ते नळीतून खाली रेटलं जातं आणि चाकाजवळचा चिमटा तबकडी आवळून धरतो. ऑइल दबत नाही म्हणून ब्रेक लागतो. नळीत हवा शिरली की संपलं, कारण हवा दबते, आणि लिव्हर ओल्या भाकरीसारखा मऊ लागतो. आमचा तसाच लागत होता. हवा काढून टाकायची आणि नवं ऑइल भरायचं, एवढंच काम. पालघरच्या एका गॅरेजच्या बाकावर बसून मी पुष्कळ चहा प्यायलो होतो आणि ते काम होताना पाहिलं होतं. चहा पिताना पाहिलेलं सगळं आपल्याला येतं, असं त्या वयात वाटतं. (मला अजूनही वाटतं, पण आता कुणी हात लावू देत नाही.)

आता ताई. विजू तिचं नाव, माझ्याहून मोठी, रसायनशास्त्र घेऊन पदवी झालेली. बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून तिला मुलाखतीला बोलावणं आलं होतं. आमच्या घरातली कुणी बाई तोवर नोकरीला गेली नव्हती. वाडीत राबत होत्या सगळ्या, पण ते काम धरायची पद्धत नव्हती. बाबा नको म्हणाले. मग ताईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, रडणं नाही. त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि भिंतीकडे बघत उभी राहायची. बाबांना माणसांच्या आरड्याओरड्याची सवय होती, भिंतीकडे बघणाऱ्या मुलीची नव्हती. अखेर एका रात्री मडक्यात शिजवलेल्या उकडहंडीतलं कोनफळ चिवडता चिवडता ते म्हणाले, "पक्या सोबत असेल तर जा. नसेल तर नाय."

पक्या म्हणजे मी. ताईने माझ्याकडे पाहिलं. सगळं आयुष्य एका फुटक्या मडक्यातून वाहून न्यायला सांगितल्यावर माणूस त्या मडक्याकडे जसं बघेल, तसं.

"बसने जाईन त्याच्यासंगं," ती म्हणाली.

"बस कशाला? गाडी हाय की," मी म्हणालो.

"तिचा ब्रेक नाय लागत," बाबा म्हणाले. "ब्रेक नीट झाल्याशिवाय पोरीला मागं बसवायची नाय."

"उद्या करतो. घरीच."

"तुला येतं?" आईने विचारलं.

"त्यात काय यायचंय?"

या घरात त्यानंतर कुणीही, कुठल्याही कामाबद्दल, 'त्यात काय यायचंय' म्हटलं की बाकीचे आपोआप माझ्याकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुलाखतीच्या आदल्या दुपारी, मी सोनचाफ्याखाली गाडी घेतली. नवीन ब्रेक ऑइलची छोटी बाटली आणली होती. पारदर्शक नळी हवी होती, ती आईच्या ट्रंकेत सापडली. एका नातलगाच्या शेवटच्या आजारपणातली सलाइनची नळी, धुऊन, गुंडाळून, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली. खाली घाण धरायला आईचीच लोणच्याची बरणी घेतली. डबीचं झाकण उघडलं आणि तोंड बाजूला केलं. आतलं ऑइल मुळात मधासारखं पिवळसर असतं म्हणे. इथे काळपट गाळ होता, तळाशी शेंबडासारखा लिबलिबीत, आणि वास असा, की सडलेल्या जवळ्यावर कुणी साखरेचा पाक ओतला आहे. मी तो चिंधीने पुसून काढला. चिंधी फेकली ती कुत्र्याने हुंगली आणि तो शिंकत वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

ताईला लिव्हरवर बसवलं. चाकाजवळच्या चिमट्याला एक छोटा स्क्रू असतो, त्याला नळी लावायची. वरच्याने लिव्हर दाबून धरायचा, खालच्याने स्क्रू उघडायचा, बुडबुडे आणि घाण बाहेर पडली की स्क्रू बंद करायचा आणि मगच वरच्याने लिव्हर सोडायचा. क्रम महत्त्वाचा. क्रमाचं आणि माझं लहानपणापासून जमलं नाही.

"दाब."

"दाबला."

"धर. आता सोड."

"स्क्रू बंद केलास?"

"सोड म्हटलं ना!"

तिने सोडला. उघड्या स्क्रूतून नळीने फुर्रकन हवा आत ओढून घेतली. जेवढी काढली त्याहून जास्त.

"आधी तू बंद करायचं, मग मी सोडायचं, असंच असेल ना रे?"

"मला शिकवू नकोस."

असं बराच वेळ चाललं. एकदा क्रम जमला, तर वरची डबी रिकामी झाल्याचं माझ्या लक्षात आलं नाही आणि वरून हवा गेली. पुन्हा पहिल्यापासून. हात काळे, बोटांना ती गोड कुजकट चिकट घाण, माश्या घोंगावतायत. मग मला एक कल्पना सुचली. वरून दाबत बसण्यापेक्षा खालून ओढलं तर? गाडीतलं पेट्रोल नळी तोंडात धरून ओढताना मी पाहिलं होतं. मी स्क्रू उघडला, त्या सलाइनच्या नळीचं टोक ओठांत धरलं आणि जोरात ओढलं.

ते आलं. आधी गोड लागलं, हीच त्याची लबाडी. मग कडू, मग गंजलेल्या खिळ्यासारखं, मग जिभेवर साय धरल्यासारखा बुळबुळीत थर. गटारातली चप्पल काढून चोखावी, तसं. आणि त्याच क्षणी ही नळी कुणाच्या हाताला, किती दिवस लावलेली होती ते आठवलं. मी मोगऱ्याच्या वाफ्यात सकाळच्या भाकरीसकट सगळं ओकलो. आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"काय प्यालास रे?"

"ब्रेक ऑइल."

"कशाला?"

आईने राखेने जीभ घासायला लावली, कोकमाचं पाणी पाजलं, आणि ओट्यावर बसवून दोन तास माझ्याकडे आजारी म्हशीकडे बघावं तसं बघत राहिली. मेलो नाही. ते ऑइल विष असतं हे मला पुष्कळ पुढे कळलं.

ओट्यावरून उठलो तेव्हा दिसलं, की मघाच्या गडबडीत नव्या ऑइलची बाटली आडवी झाली होती आणि टाकीवर सांडली होती. दिनूकाकाच्या लाल टाकीचा रंग भाजलेल्या कातडीसारखा फुगून, फोड येऊन, सुटत होता. बोट लावलं तर सालपट निघालं. बाटलीत तळाला चमचाभर उरलं होतं. पालघरला जाऊन दुसरी आणायची तर दिवस कलायला लागला होता, आणि मुख्य म्हणजे बाबांना सांगावं लागलं असतं. ताईने रिकामी बाटली उचलून वाचली. "हेच घालायचं, दुसरं कायपण चालणार नाय, असं लिवलंय इथं."

"बाटल्या खपवायचे धंदे असतात ते."

तिने बाटली खाली ठेवली. मग विचारलं, "पक्या, उद्या जाता येईल ना? नाय तर आताच सांग. बाबांचं मन वळायला मला दोन महिने लागले. पुन्हा नाय वळणार."

"येईल गं," मी म्हणालो. "तू जा, साडीला इस्त्री कर."

ती आत गेली आणि मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीच्या कडेला बाटली होती. आत खोबरेल, उबेने पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं. मी ती उजेडात धरून पाहिली. त्या काळ्या गाळापुढे ते इतकं निर्मळ दिसलं, इतकं घरचं, की मला भरून आलं. गॅरेजात सगळे ऑइल-ऑइलच म्हणत होते, आणि हे तर अस्सल ऑइल. आता ताई नव्हती म्हणून लिव्हर दाबून सुंभाने हॅण्डलला बांधला, खाली जाऊन स्क्रू उघडला, बंद केला, वर येऊन सुंभ सोडला, तेल ओतलं, पुन्हा बांधला. एकट्याने केलं म्हणून क्रम एकदाही चुकला नाही. त्या दुपारचं बिनचूक झालेलं काम तेवढं एकच. नळीतून सगळी घाण जाऊन नुसतं स्वच्छ तेल यायला लागेपर्यंत केलं. लिव्हर कडक झाला. गाडी ढकलून दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. बाबांनी स्वतः येऊन दाबून पाहिलं आणि "हं" म्हणाले. बाबांचं "हं" मला त्यापूर्वी दहावीला मिळालं होतं.

पहाटे अंगण धुक्याने भिजलेलं, दात वाजत होते. लिव्हर दाबला तर दगड. तसूभरही हलेना. "बघ किती टाइट झालाय," मी ताईला म्हणालो. चुलीपाशी आई बाटली शेकत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि गाडीला किक मारली. डोकं असं असतं.

ताईने फिकट निळी साडी नेसली होती, कागदांची पिशवी छातीशी. पालघर येईपर्यंत मला कळलं होतं की पुढचा ब्रेक मुळी लागतच नाही. नळीत तेल मेणासारखं बसलं होतं. मी गुपचूप मागच्या ब्रेकवर काम भागवत होतो. कोळगावला, जिथे आज जिल्ह्याची मोठमोठी कार्यालयं उभी आहेत तिथे तेव्हा नुसतं गवत होतं, आणि त्या गवतातून एक म्हैस रस्त्यावर आली. मी मागचा ब्रेक मारला आणि घाबरून पुढचाही, दोन्ही हातांचा जीव एका पंजात आणून. म्हैस वाचली. पुढचा ब्रेक पहिल्यांदा लागला. आणि सुटला नाही.

तेलाने आतली रबरं फुगली होती, ती अडकली ती अडकलीच. गाडी रेटली जात होती, पण बैलाची शेपटी धरून मागे ओढल्यासारखी. मी गिअर पाडून रेटत राहिलो. उमरोळी गेली. चिमटा तबकडीला घासत होता, तबकडी तापत होती, आतलं तेल वितळून तिच्यावर ठिबकत होतं. आधी वास आला तो चांगला होता, कुणाच्या तरी घरी काही तळतायत असा. मग तोच वास उलटला. जुनं तेल, जळकं रबर, आदल्या दिवशीचा उरलेला तो गोड कुजकट गाळ, सगळं एकत्र कढायला लागलं. धूर वाऱ्याने उडून सरळ माझ्या तोंडात आणि माझ्यावरून ताईच्या साडीत. त्यात बोईसरच्या कारखान्यांची हवा लागली. तिकडच्या नाल्याकाठी डोळे मिटूनही कळतं आपण कुठे आहोत, नाकात आपोआप चुरचुरतं. ती आणि माझी अशा दोन दुर्गंधी एकमेकींना भेटल्या. बेटेगावला चाक ठार थांबलं.

मागून कामगारांचा जथा चालत येत होता. एकाने नाक धरून विचारलं, "भाईसाब, क्या पका रहे हो?"

दुसरा म्हणाला, "पूछ मत, खिला देगा."

ताई उतरली. तिने वाकून चाकाकडे पाहिलं. चिमट्यातून काळं-पांढरं मिश्रण पूसारखं गळत होतं. तिने बोटाने एक थेंब घेतला, नाकापाशी नेला आणि डोळे मिटून घेतले.

"पक्या. हे आईचं तेल हाय?"

मी चिंधी शोधायला लागलो.

"हिवाळ्यात?" ती म्हणाली. एवढंच. तिने पदराला लागलेला डाग आत खोचला. कारखान्यात जाणाऱ्या बायकांनी गच्च भरलेली एक टमटम येत होती, तिला हात केला. बायका सरकल्या, वास आल्यावर आणखी सरकल्या. ताई बसली आणि मागे वळून न बघता गेली.

मी घरी पोचलो दुपारी. सातपाटीचा एक टेम्पो बोईसरला मासळी टाकून रिकामा परतत होता, त्याने गाडीसकट मला घेतलं. बसायला टोपल्या होत्या, पायाखाली मासळीचं पाणी हेलकावत होतं, प्रत्येक वळणाला चपलेत शिरत होतं. कपड्यांना खवले चिकटलेले, केसांत जळकं खोबरेल. अंगणात उतरलो तर बाबा पुढे.

"विजू कुठाय?"

"गेली."

"कोणासंगं?"

"एकटी."

बाबा ओट्यावर बसले. मी सगळं सांगितलं, कारण लपवायला काही उरलं नव्हतं, वास सगळं आधीच सांगत होता. ते तेलाच्या गोष्टीला हसले नाहीत की रागावले नाहीत. वाटेकडे बघत राहिले. मला कळत होतं काय होणार. अट मोडली होती. ताई परत येईल, बाबा एक शब्द बोलतील, आणि तिची भिंतीकडे बघायची जागा कायमची ठरेल. माझ्या अंगाची मला शिसारी आली, आणि ती नुसती वासाची नव्हती. आईने मला पंपाच्या धारेखाली बसवून शिकेकाईने घासलं, मग चिंचेने, मग राखेने. वास गेला नाही. जेवायला वाढलं तर भाकरीलाही तोच.

दिवेलागणीला ताई आली. बस स्टॉपवरून चालत, पायात धूळ, साडीवर तो डाग. ओट्याच्या पायरीवर बसली आणि पाणी प्यायली.

"कशी आलीस?" बाबांनी विचारलं.

"टमटमने पालघर, तिथून एसटीने."

"कोण होतं सोबत?"

"बायका होत्या. रोज जातात त्या."

आईने हळूच विचारलं, "आणि मुलाखत?"

"माझ्या शेजारच्या मुली दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या," ताई म्हणाली. "साहेबांनी वासाने खिडकी उघडली. बाहेरचा वास आला, म्हणून परत लावली. त्यापेक्षा माझाच बरा म्हणाले. सोमवारपासून बोलावलंय."

आई पदराला हात पुसत उभी राहिली. बाबा बराच वेळ ताईच्या पायांवरच्या धुळीकडे बघत होते. (अजूनही थंडीत बाटली गोठली की ताईचा फोन येतो: "पक्या, गाडी काढतोस का?" आणि ठेवून देते.) मला वाटलं आता काहीतरी केलं पाहिजे, आपल्यामुळे बिघडलंय तर आपणच सावरलं पाहिजे. मी पुढे झालो.

"बाबा, तुमी काळजी करू नका. चिमटा खोलून रबरं मी स्वतः बदलतो. त्यात काय यायचंय? सोमवारपासून रोज मी सोडतो ताईला."

बाबांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं, नाकावर उपरणं धरलं आणि ताईकडे वळले.

"पक्या सोबत नसेल तर जा," ते म्हणाले. "असेल तर नाय."